कोकणात ऑन-कॉल कॉम्प्युटर सपोर्टचं काम कसं सुरू करायचं

हार्डवेअर नेटवर्किंगचा कोर्स झालाय, मुंबई-पुण्याला जायचं नाहीये, इथेच राहून काय करता येईल, असं बरीच पोरं विचारतात. करता येतं, मी चिपळूणला हेच करतो. फक्त आधी गाळा भाड्याने घेऊन दुकान टाकू नका. गिऱ्हाईक तुमच्याकडे सीपीयू उचलून आणत नाही, तुम्हालाच जायचंय, त्यामुळे सुरुवातीला एक बाईक, एक बॅग आणि उचलला जाणारा फोन एवढं पुरतं.

गिऱ्हाईक कोण ते आधी नीट ठरवा. घरगुती लॅपटॉपवर पोट भरत नाही. पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, काजूचे कारखाने, आंबा कॅनिंगवाले, होलसेल मेडिकल, गुहागर-दापोलीकडची रिसॉर्ट, ह्यांच्याकडे तीन ते दहा कॉम्प्युटर असतात, स्वतःचा माणूस ठेवणं परवडत नाही आणि मशीन बंद पडलं की बिलिंगच थांबतं. माझा सल्ला विचाराल तर पहिलं काम एखाद्या टॅक्स कन्सल्टंटचं धरा, कारण त्याच्याकडे गावातले सगळे व्यापारी येतात आणि त्याने एकदा सांगितलं की ह्या मुलाला बोलव, की बाकी दारं आपोआप उघडतात. पण मग त्याच्या तारखा पाठ पाहिजेत. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ तारखेपर्यंत, ३बी (एकूण हिशोब आणि कर भरण्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत. ह्या तारखांच्या आधीचे दोन दिवस त्याच्या मशीनवर अपडेट, फॉरमॅट काहीही काढायचं नाही आणि आपणही गाव सोडून जायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन नंतर, डेटा आधी. मी हे चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या दिवसात एका काजू कारखान्यात विंडोज उघडत नव्हतं, मी विचारलं डेटा कुठे आहे, मुनीम म्हणाले डी ड्राइव्हला, मी सी फॉरमॅट करून मोकळा झालो. टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर डेस्कटॉपवर होतं, म्हणजे सी मध्येच. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून थोडं परत आलं, बाकीच्या एन्ट्र्या त्या माणसाने वह्या घेऊन रात्री बसून पुन्हा मारल्या. मी शेजारी बसून व्हाउचर वाचून दाखवत होतो. पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून कितीही घाई असू दे, आधी हार्डडिस्क काढायची, साटा-टू-यूएसबी केबलने (सुटी हार्डडिस्क यूएसबीला जोडायची वायर) आपल्या लॅपटॉपला लावायची, पूर्ण कॉपी घ्यायची, ती मालकाला उघडून दाखवायची, मगच पुढचं काम.

आणि बॅकअप त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर तो बॅकअप नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले, तेव्हा सीपीयू आणि त्याच्या खालच्या खणातली एक्स्टर्नल हार्डडिस्क दोन्ही एकत्रच चिखलात गेली, असं किती ठिकाणी बघितलं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तीन कॉप्या, त्यातली एक बाहेर, म्हणजे गूगल ड्राइव्हवर किंवा मालकाच्या घरी. नदीकाठच्या ऑफिसात सीपीयू जमिनीवर ठेवूच देऊ नका.

इथली निम्मी कामं हवेमुळे येतात. पावसाळ्यात फोन येतो, पीसी चालू होतो पण स्क्रीन काळी, बीप वाजतोय. साइड पॅनल काढलं की आतून ओल्या कापडासारखा वास, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर. स्विच बंद, वायर काढलेली, रॅम बाहेर काढायची, साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायची, स्लॉट ब्रशने झाडायचा, परत बसवायची. बऱ्याचदा तेवढ्यावर चालू होतं. समुद्राजवळच्या रिसॉर्टमध्ये तर यूएसबी आणि लॅनच्या (नेटवर्कच्या वायरच्या) पोर्टना गंज चढतो, तिथे दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर हवीच. एसएमपीएसमध्ये (सीपीयूच्या आतला पॉवर सप्लायचा डबा) पाली आणि मुंग्या सापडतात, त्यामुळे कॅबिनेटच्या मागची उघडी फट बंद करून या.

मल्टिमीटर घेतल्याशिवाय हे काम करू नका. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा, कातळावरच्या इमारतीत अर्थिंगचा घोळ नेहमीचा, उन्हाळ्यात जमीन सुकली की अजून वाईट. ते न बघता नवा एसएमपीएस घातलात तर तोही जाईल आणि बोल तुम्हालाच लागेल. बॅगेत बाकी एक स्पेअर एसएमपीएस, २५६ जीबीची एसएसडी, सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा गोल सेल), क्रिम्पिंग टूल (लॅनच्या वायरला टोक बसवायचा पकड), लॅन टेस्टर, राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर (वीज कडाडली की हाच पहिला उडतो) आणि बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन चालू करून विंडोज टाकता येतं).

पैशाचं पहिल्या दिवशीच बोला. गावात व्हिजिटचे मी ३०० घेतो, बाहेर गेलो तर अंतराप्रमाणे वेगळे, कारण गुहागरला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. निघण्याआधी एनीडेस्कवर (गिऱ्हाइकाची स्क्रीन लांबून बघायचं सॉफ्टवेअर) बघून घ्या, निम्म्या तक्रारी घरबसल्या सुटतात, पण त्याचेही पैसे लावा, थोडे का होईना. ओळखीचा म्हणून फुकट केलंत तर पुढे मागायला तोंड राहत नाही. सहा महिने ओळख झाली की एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) बोला, त्यात काय येतं आणि पार्ट्स वेगळे हे मराठीत एका पानावर लिहून सही घ्या. पासवर्ड आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नका, मालकाच्या वहीत, मालकाच्या कपाटात.

क्रॅक (लायसन्स न घेता फुकट चालवलेलं) सॉफ्टवेअर टाकायला सांगतील, नाही म्हणा. व्हायरस आला की पहिलं बोट आपल्याकडेच येतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या बऱ्याच मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही, ते मालकाला स्पष्ट सांगा आणि बदलायची यादी करून द्या, एकदम नाही, महिन्याला एक.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी (सरकारची छोट्या उद्योगांची नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मोजकीच माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टची नुसती सूचना ऑनलाइन द्यायची असते. फक्त सर्व्हिस देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी.

गणपतीत आणि शिमग्यात तुम्हीही घरी असणार, ते आठ दिवस आधी सगळ्यांना कळवा आणि त्याच आठवड्यात प्रत्येकाचा बॅकअप स्वतः तपासून या. मे अखेरीस वळीव सुरू झाला की पुन्हा एक फोन फिरवा आणि सांगा, विजा कडाडतात, संध्याकाळी निघताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायचा, आणि दुसऱ्या इमारतीतून आलेली लॅनची वायर असेल तर तीही काढून ठेवायची.