मुंबई ते गोवा छोट्या यॉटने: वाऱ्याचं टाइमटेबल पाळा

मुंबई ते गोवा समुद्रातून साधारण 220 नॉटिकल मैल, 28-30 फुटी शिडाची बोट पाच नॉटने (तासाला पाच नॉटिकल मैल) धरली तरी 44 तास होतात, त्यामुळे बरेच जण न थांबता एकदम जातात, पण पहिल्यांदाच जात असाल तर बंदरं घेत घेत चार-पाच दिवसांत जा. डिसेंबर ते मार्च बेस्ट. पावसाळ्यात विषयच नाही.

आपल्या कोकण किनाऱ्याला वाऱ्याचं टाइमटेबल असतं, ते कळलं की अर्धं काम झालं. रात्री जमीन गार होते आणि पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून येतो म्हणून लाटाच उठत नाहीत, पाणी एकदम सपाट आणि बोट आडव्या वाऱ्यावर मस्त पळते. दहाच्या आसपास तो पडतो, तेव्हा इंजिन लावा नाहीतर पोहे खाऊन घ्या. मग दुपारी वायव्येचा वारा भरतो, दक्षिणेला जाताना तो पाठीवर येतो, छान वाटतं पण खरा धोका तेव्हाच असतो, सुकाणू जरा चुकलं की बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) धाडकन दुसऱ्या बाजूला येतो आणि डोक्यात बसला तर संपलंच. प्रिव्हेंटर (बूम जागेवर धरून ठेवणारा दोर) बांधाच, आणि रीफ (शिड गुंडाळून लहान करणं) वारा वाढायच्या आधी घ्या.

म्हणजे निघायचं पहाटे तीनला आणि उजेड असताना नांगर टाकायचा. मुंबई ते राजपुरी खाडी (जंजिऱ्याजवळ), मग जयगड, मग विजयदुर्ग. जयगडचा टप्पा 60 मैलांचा आहे, तिथे उशीर करू नका, शिवाय तिथे मोठी मालवाहू जहाजं येतात. विजयदुर्गची खाडी मला सगळ्यात आवडते, आत शिरलं की बाहेरची लाट जाणवतच नाही, एक दिवस जास्त राहा. तिथून गोव्यातलं आग्वाद 70 मैल, त्यामुळे मध्यरात्रीच निघा आणि वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकांपासून लांब राहा. मालवणला पाण्याखाली खडक खूप, स्थानिक माणूस सोबत नसेल तर आत जाऊ नका.

आता मासेमारीची जाळी. दिवसा त्यांच्या बोयरी (तरंगणारे गोळे) आणि झेंडे दिसतात, अंधारात काही दिसत नाही. म्हणून खाडीत शिरताना जीपीएसवर ट्रॅक सेव्ह करा आणि पहाटे त्याच ट्रॅकने बाहेर पडा, एक जण पुढे टॉर्च घेऊन, आणि जमेल तितक्या लवकर इंजिन बंद करून शिडावर या कारण इंजिनाचा पंखा फिरत नसेल तर जाळ्याचा दोर त्यात गुंडाळला जात नाही. माझ्या पंख्यात हरिहरेश्वरासमोर दोर अडकला होता, मी घाईत रिव्हर्स टाकला आणि तो अजून आवळला, तासभर पाण्यात उतरून सुरीने कापत होतो. दोर दिसला की आधी न्यूट्रल.

भरतीचं पण बघा. उधाणाला मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्यात दोनच्या आसपास, त्यामुळे नांगराचा दोर पूर्ण भरतीची खोली धरून सोडा. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी आतून येणारं पाणी आणि समोरून वायव्येचा वारा भिडला की लाटा उभ्या राहून फुटतात, तेव्हा बाहेर थांबा आणि भरतीला आत या.

व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनल 16 वर चालू ठेवा, कोस्ट गार्डचा 1554 सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा आणि घरच्यांना रोजचा पोचायचा टाइम सांगून ठेवा.

परत येताना वायव्य वारा तोंडावर येतो, तेव्हा फक्त रात्री आणि सकाळी मतलईवर चाला, दुपारी खाडीत झोपा आणि दिवस दुप्पट धरा.