जिझेलवाला लांब टुटू घरी शिवायचाय? आधी 1832 मध्ये एक चक्कर मारा

लेकीच्या बॅले क्लासचा शो जवळ आला की ग्रुपवर मेसेज पडतो, "रोमँटिक टुटू, पांढरा, लांब", म्हणजे बॅलेत घालतात तो नेटच्या थरांचा स्कर्ट, आणि पुढचं आयांनी बघून घ्यायचं. पहिल्या वर्षी मी टुटू म्हणजे टुटू असं समजून सरळ ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेले, दुकानात म्हटलं दादा फ्रॉक मस्त फुगायला हवाय, त्याने घागऱ्याच्या आत लावतात ती कॅनकॅनची कडक नेट काढून दिली, दोन रात्री जागून शिवलं आणि लेक घालून उभी राहिली तर डिट्टो लॅम्पशेड. गिरकी घेतली तर आत पोरगी फिरतेय आणि स्कर्ट आपला जागच्या जागी खडखडतोय.

तेव्हा कुठे मी हा प्रकार नेमका काय आहे ते वाचायला बसले. आपल्या डोक्यात जो आडवा थाळीसारखा टुटू असतो ना, तो खूप नंतरचा, 1880 नंतर हळूहळू आखूड होत गेलेला, कारण तोपर्यंत गिरक्या आणि पायांची करामत एवढी वाढली होती की लोकांना गुडघ्याच्या वरचं पण दिसायला हवं होतं. रोमँटिक टुटू त्याच्या आधीचा. 12 मार्च 1832 ला पॅरिस ऑपेरामध्ये 'ला सिल्फीद' आलं, मारी तालियोनी त्यात वाऱ्यासारखी परी झाली होती, नाच तिच्या वडिलांनी, फिलिप्पो तालियोनींनी बसवलेला. अंगाला चापून बसलेली चोळी, पाठीला छोटे पंख आणि खाली पांढऱ्या तलम कापडाचा थरावर थर असलेला घंटेसारखा स्कर्ट, डिझाइन सहसा यूजेन लामीच्या नावावर सांगतात. खरं तर त्या काळच्या बायकांचा घेरदार गाऊन होता तसलाच, फक्त पाय दिसतील एवढा वर घेतलेला, कारण तालियोनी पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायची आणि तेच झाकलं तर लोक बघणार काय. मग 1841 मध्ये 'जिझेल' आलं, कार्लोटा ग्रिसीचं, त्याच्या दुसऱ्या अंकात लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं रात्री जंगलात नाचतात, सगळ्या पांढऱ्यात. आमच्या पोरी तेच करणार होत्या.

म्हणजे बघा, हा स्कर्ट परीचा नाहीतर भुताचा. त्याला फुगायचं नसतं, तरंगायचं असतं. एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या चुका टळतात.

आता कापड. तेव्हा मलमल, गॉझ आणि टार्लटन नावाचं खळ दिलेलं विरळ सुती कापड वापरायचे, नायलॉनची नेट तेव्हा नव्हतीच. आपण सॉफ्ट नेट मागायची. दुकानात मुठीत चुरगाळून सोडून बघा, लगेच ताठ उभी राहिली तर ती नको, सावकाश उलगडली तर घ्या. सगळ्यात आतला एक थर थोडा कडक चालतो, नाहीतर स्कर्ट पायात अडकतो. रंग एकदम पांढराशुभ्र घेऊ नका, मोतिया घ्या. पॅरिसच्या स्टेजवर गॅसचे दिवे होते, त्या पिवळट उजेडात पांढरं चांदण्यासारखं मऊ दिसायचं, आपल्याकडे एलईडी मारतात आणि त्यात शुभ्र पॉलिस्टर निळं पडतं, साबणाच्या जाहिरातीसारखं.

नेट घेताना पन्हा नक्की विचारा. 60 इंची पन्हा असेल तर साडेचार मीटरचा तुकडा घेऊन लांबीत उभा फाडल्यासारखा मधोमध कापायचा, 30-30 इंचाच्या दोन पट्ट्या निघतात, एक पट्टी म्हणजे एक थर, आणि मध्ये कुठेही जोड नाही. सहा थरांना असे तीन तुकडे, एकूण साडेतेरा मीटर. दहा-बारा वर्षांच्या मुलीला भरपूर होतं.

थर कमरेला लावायचे नाहीत, ही दुसरी चूक मी केली होती, पोट फुगल्यासारखं दिसतं. कमरेपासून खाली चार इंचाची पॉपलिनची घट्ट पट्टी शिवायची, ती हिपवर बसते, मागे हुक. पट्टीवर खडूने अर्ध्या अर्ध्या इंचावर रेघा मारा. सगळ्यात आतला थर सगळ्यात खालच्या रेघेवर, मग एकेक वर चढत यायचं. चुण्यांसाठी मशीनला टाका मोठा ठेवून दोन समांतर शिलाया मारायच्या आणि बॉबिनचा दोरा ओढायचा. साडेचार मीटर एका दमात ओढायला जाऊ नका, तीन मीटरवर दोरा तटकन तुटतो आणि आपण त्याला जे म्हणतो ते लिहिता येत नाही. पट्टीचे चार भाग करा, नेटचेही चार, प्रत्येक भाग वेगळा ओढून टाचण्या लावा.

खालची उंची आधी कापून ठेवू नका. पोरीला शूज घालून स्टुलावर उभी करा आणि कात्री घेऊन खाली बसा. सगळ्यात वरचा थर पोटरीच्या मध्यावर किंवा किंचित खाली, आतला प्रत्येक थर अर्धा इंच आखूड. नेटची कड दुमडायची नाही, पीको तर अजिबात नाही, कड जड झाली की तरंगणं संपलं. एवढ्या वेळात पोरगी चार वेळा "झालं का गं" विचारणार, हातात मोबाइल द्या. चोळी मात्र ब्लाउज शिवणाऱ्या मास्टरांकडे टाका, प्रिन्सेस कट सांगा, ते त्यात आपल्यापेक्षा हुशार असतात.

इस्त्री लावू नका, माझ्या एका थराला वितळून त्रिकोणी खिडकी पडलीय. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून तिथे उलटा टांगा, चुण्या सुटतात. नंतरही उलटाच टांगायचा. आमचा शो वाशीला होता, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून डोक्यावर धरून नेला, लेडीज डब्यात दोघींनी विचारलं लग्न कोणाचं म्हणून.

आता आगीचं, हे वाचल्याशिवाय जाऊ नका. ते तरंगणारे थर म्हणजे आयती वात, आणि त्या काळी विंगेत उघडे गॅसचे दिवे. एमा लिव्री ही तालियोनीचीच शिष्या, बाईंनी तिच्यासाठी 1860 मध्ये 'ल पापियाँ' नावाचं फुलपाखराचं बॅलेही बसवलं होतं. तेव्हा तुरटी वगैरेच्या पाण्यात कपडे बुडवून आग लागू नये असे करायची पद्धत निघाली होती, पण त्याने कापड कडक आणि मळकट दिसायचं, तिने ते घालायला नकार दिला. नोव्हेंबर 1862 मध्ये तालमीच्या वेळी दिव्याने स्कर्ट पेटला. आठ महिने तिने काढले आणि जुलै 1863 मध्ये गेली, 21 पण पूर्ण नव्हती. त्या कपड्यांच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या म्युझियममध्ये अजून ठेवल्यात.

आपल्याकडे गॅसचे दिवे नाहीत, पण नटराजपूजन आहे. पडद्यामागे समई लावतात आणि ती नेमकी पोरींच्या यायच्या-जायच्या वाटेवर असते. नायलॉनची नेट पेटली की नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. म्हणून हॉलवर पोचल्यावर मेकअपच्या आधी मी समई कुठे ठेवलीय ते बघते. मागच्या वेळी तिथल्या काकांना म्हटलं, काका, समई जरा पलीकडे घेऊया का. ते म्हणाले, अहो ताई, शुभ असतं ते. मी म्हटलं, शुभच राहू दे ना, म्हणून तर. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रांगेतल्या अकरा पांढऱ्या भुतांकडे बघितलं, समई उचलून लांबच्या कोपऱ्यात टेबलावर नेऊन ठेवली, आणि पोरी दोन्ही हातांनी स्कर्ट आवळून एकेक करत विंगेत शिरल्या.