कम्युनिटी कॉलेजचा वार्षिक अहवाल तालुक्याच्या बाजूने कसा लिहावा

महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम बहुधा ज्याला नाही म्हणता येत नाही अशा प्राध्यापकाकडे येते, आणि तेही स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस उरले असताना. मग विभागप्रमुखांकडून माहिती मागवली जाते, मागच्या वर्षीची फाइल उघडून त्यातले आकडे बदलले जातात आणि कार्यक्रमांची एक लांबलचक जंत्री तयार होते. पदवी महाविद्यालयाच्या बाबतीत हे एकवेळ खपून जाते. कम्युनिटी कॉलेजच्या बाबतीत ते खपू नये, कारण आसपासच्या लोकांना जवळच, थोड्या खर्चात आणि कामाला येईल असे शिक्षण मिळावे, एवढ्यासाठीच ते उघडलेले असते.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतला. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले ज्युनिअर कॉलेज हे तिथल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांपैकी सर्वांत जुने मानले जाते. आपल्याकडे पाँडिचेरीत १९९५ मध्ये आणि पाठोपाठ चेन्नईत १९९६ मध्ये अशी महाविद्यालये निघाली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये योजना आखून चालू महाविद्यालयांतच असे अभ्यासक्रम सुरू करण्याची वाट मोकळी केली. या योजनेत सहा महिन्यांचे प्रमाणपत्र ३० श्रेयांकांचे (क्रेडिटचे) आणि एका वर्षाची पदविका ६० श्रेयांकांची ठरवली गेली, आणि त्यातले सुमारे साठ टक्के श्रेयांक प्रत्यक्ष कौशल्याचे ठेवले गेले. म्हणजे अभ्यासक्रमाचा निम्म्याहून अधिक भार ज्यावर आहे, त्या कामाचे विद्यार्थ्याच्या हातून पुढे काय झाले, हा अहवालातला पहिला प्रश्न ठरतो. आपल्या अहवालांत तो बहुधा शेवटच्या पानावर, ‘माजी विद्यार्थी मेळावा उत्साहात संपन्न’ या ओळीत संपतो.

वर्ष कोणते, ते आधी ठरवा

स्नेहसंमेलनात वाचला जाणारा अहवाल जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतो. त्या वेळी चालू वर्षाच्या परीक्षा व्हायच्या असतात, त्यामुळे निकाल मागच्या वर्षाचे, प्रवेश या वर्षाचे आणि कार्यक्रम दोन्ही वर्षांचे अशी सरमिसळ होते, आणि ऐकणाऱ्याला ती कळत नाही. यावर सोपा उपाय असा की, अहवाल दोनदा करावा. स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचे निवेदन वाचावे आणि खरा अहवाल निकाल लागल्यानंतर, जुलैत, पूर्ण झालेल्या एकाच शैक्षणिक वर्षाचा लिहावा. त्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे वर्ष आणि तो कोणत्या नोंदवहीतून घेतला ते कंसात द्यावे. नॅककडे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेकडे, पाठवायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल आणि अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी भरलेली माहिती समोर ठेवून आकडे जुळतात का, हे कार्यालयातील लिपिकाबरोबर बसून तपासावे. तीन ठिकाणी विद्यार्थिसंख्या तीन प्रकारची निघण्याचा अनुभव कोणत्याही महाविद्यालयाला नवा नाही. बहुतेकदा कारण साधे असते: एका ठिकाणी प्रवेश घेतलेले, दुसऱ्या ठिकाणी परीक्षा अर्ज भरलेले आणि तिसऱ्या ठिकाणी परीक्षेला बसलेले विद्यार्थी मोजलेले असतात.

भाजक लपवू नका

अहवालाची विश्वासार्हता येथे ठरते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. समजा, दुचाकी दुरुस्तीच्या पदविकेला ६० जणांनी प्रवेश घेतला, त्यांतले ४४ उत्तीर्ण झाले, वर्षभरानंतर त्यांपैकी ३७ जणांशी संपर्क झाला आणि त्यांतले २१ जण कमावते आढळले. आता २१ ला ३७ ने भागले तर ५७ टक्के येतात, ४४ ने भागले तर ४८ आणि ६० ने भागले तर ३५. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पण ‘आमच्या ५७ टक्के विद्यार्थ्यांना रोजगार मिळाला’ असे वाक्य लिहिले की, वर्ग सोडून गेलेले सोळा जण आणि फोन न लागलेले सात जण अहवालातून नाहीसे होतात. फोन न लागलेल्यांपैकी काही जण कमावतही असतील, म्हणून ३५ हा आकडाही अंतिम नव्हे. तो किमान आकडा आहे, असे स्पष्ट लिहावे आणि चारही संख्या एका ओळीत द्याव्यात, म्हणजे वाचणारा स्वतः भागाकार करू शकेल.

हीच अडचण अमेरिकेतल्या महाविद्यालयांनाही भोगावी लागली, पण उलट्या बाजूने. तिथल्या संघराज्य सरकारच्या आकडेवारीत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण काढताना प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेले विद्यार्थीच धरले जात आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांची मुदत दिली जाई. कम्युनिटी कॉलेजांत तर नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारेच अधिक. त्यामुळे ही महाविद्यालये होती त्याहून कागदावर कमकुवत दिसत. शेवटी २०१५-१६ पासून अर्धवेळ विद्यार्थी, दुसरीकडून आलेले विद्यार्थी आणि पुढे विद्यापीठात गेलेले विद्यार्थी यांचा आठ वर्षांपर्यंतचा मागोवा घेणारी वेगळी नोंद सुरू करावी लागली. आपल्याला एवढा मोठा पल्ला झेपणार नाही, पण पदविका घेऊन बी. व्होक. (व्यावसायिक पदवी) किंवा बी. ए.ला गेलेला विद्यार्थी ‘बेरोजगार’ या रकान्यात पडू नये, एवढी काळजी निश्चित घेता येते.

फोन कधी आणि कोणाला करावा

प्रवेश अर्जावरचा मोबाइल क्रमांक अनेकदा विद्यार्थ्याचा नसतोच. तो वडिलांचा, चुलत्याचा, नाहीतर ज्या नेट कॅफेत अर्ज भरला त्या दुकानदाराचा असतो. म्हणून शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाकडून स्वतःचा एक आणि घरातला एक असे दोन क्रमांक पुन्हा लिहून घ्यावेत, आणि पुढे फोन करण्यास संमती असल्याची सही त्याच कागदावर घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. त्यामुळे ही सही निव्वळ उपचार समजू नये.

चौकशीचा महिना निवडताना तालुक्याचे वेळापत्रक पाहावे. बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्यासारख्या तालुक्यांत दिवाळीच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात फोन केला तर कोल्हापूर-सांगलीकडच्या फडातून आवाज येईल आणि ‘काम चालू आहे’ असे उत्तर मिळेल. ते काम तुम्ही शिकवलेले नसते. हेच उत्तर मोजून आपण प्रभाव दाखवला तर तो विद्यार्थ्याच्या हालांचा आकडा आपल्या यशाच्या रकान्यात टाकण्याचा प्रकार होईल. मुलींच्या बाबतीत लग्नसराईनंतर क्रमांक आणि गाव दोन्ही बदलतात, म्हणून त्यांची चौकशी मेपूर्वी उरकलेली बरी.

प्रश्न मोजकेच ठेवावेत: सध्या काय करता, ते शिकलेल्या कामाशी संबंधित आहे का, काम गावात आहे की बाहेर, आणि महिन्याची कमाई अमुक ते अमुक या टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात बसते. नेमका पगार विचारला की उत्तर फुगते किंवा फोन ठेवला जातो. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले तर उत्तरे अधिक मोकळी मिळतात, असा माझा अनुभव आहे. मी स्वतः फोन केला तेव्हा समोरचा मुलगा ‘सर, सगळं छान चाललंय’ यापलीकडे गेला नाही. त्याच मुलाने मागच्या वर्गातल्या मित्राने विचारले तेव्हा मात्र स्वतःला गॅरेजमधून काढून टाकल्याचे सांगितले.

परिसर म्हणजे कोणता, हे एसटीच्या पासावरून कळते

‘परिसराचा विकास’ हे शब्द अहवालात पुन्हा पुन्हा येतात, पण परिसराची हद्द कोणी आखलेली नसते. ती आखण्याचे साधन कार्यालयातच पडलेले असते. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या एसटी पासाचे अर्ज महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याने जातात आणि त्यांवर गाव लिहिलेले असते. ते अर्ज, वसतिगृहाची यादी आणि प्रवेश अर्जावरचे पत्ते एकत्र केले की, कोणत्या गावातून किती मुले-मुली येतात याचा तक्ता एका दुपारी तयार होतो. तालुक्याच्या नकाशावर ही गावे टिंबांनी दाखवा. जिथे टिंब नाही ती गावे अधिक बोलकी असतात: तिथे बस जात नाही, की तिथल्या शाळेतून बारावीपर्यंत मुले पोचतच नाहीत, याचा शोध अहवालात दोन परिच्छेदांत मांडला, तर त्या वर्षीच्या सगळ्या फोटोंपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तुलनेसाठी तालुक्याची आकडेवारी लागते. जनगणना २०११ ची पुस्तिका आता जुनी झाली आहे. ती लोकसंख्येच्या आधारापुरती वापरावी आणि वर्ष ठळक लिहावे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ अधिक ताजे असते, आणि जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारणा केली तर तालुकानिहाय तक्ते मिळतात.

श्रेय किती घ्यावे

एखादा बदल महाविद्यालय नसते तरी झाला असता का, हा प्रश्न प्रत्येक दाव्यापुढे स्वतःला विचारावा. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्ण माफ केले. त्यानंतर अशा अभ्यासक्रमांत मुलींची संख्या वाढली असेल, तर तिचे सारे श्रेय आपल्या प्रवेश मोहिमेला देता येणार नाही. याउलट, शेजारच्या तालुक्यात ते शुल्क माफ असूनही मुली वाढल्या नाहीत आणि आपल्याकडे वाढल्या, तर बोलण्यासारखे काही आहे. अशा वेळी शेजारचा आकडा मिळवून शेजारीच छापावा.

परदेशी अहवालांच्या धर्तीवर ‘महाविद्यालयामुळे परिसराला इतक्या कोटींचा आर्थिक लाभ’ अशी बेरीज करण्याचा मोह अलीकडे आपल्याकडेही दिसतो. प्राध्यापकांचे पगार, विद्यार्थ्यांचा चहा-नाश्त्याचा खर्च आणि पदवीधरांची पुढच्या तीस वर्षांची कमाई एकत्र करून त्याला कुठल्यातरी गुणकाने गुणले की, वाटेल तेवढी रक्कम निघते. ती छापू नये. त्यापेक्षा शहरातल्या गॅरेजवाल्यांकडे, पॅथॉलॉजी प्रयोगशाळांकडे आणि दूध संकलन केंद्रांकडे जाऊन ‘मागच्या दोन वर्षांत आमच्याकडचे किती जण ठेवलेत, आणि त्यांना काय येत नाही?’ एवढे विचारावे. दुसऱ्या भागाचे उत्तर तर शब्दशः छापावे.

कार्यक्रम थोडक्यात

व्याख्याने, दिनविशेष, वृक्षारोपण, रक्तदान यांची यादी परिशिष्टात एका पानात बसवावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर मात्र मजकुरात घ्यावे, पण ‘श्रमदान केले’ एवढ्यावर न थांबता मागच्या वर्षीच्या शिबिरात बांधलेला वनराई बंधारा यंदा पाणी धरून होता का, आणि लावलेल्या झाडांपैकी किती जगली, हे त्या गावात जाऊन मोजून लिहावे. जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेला फोटो झाड लावल्याचा पुरावा देतो. झाड जगल्याचा देत नाही.

जे जमले नाही त्याला जागा द्या

प्रत्येक अभ्यासक्रमाखाली एक परिच्छेद ‘अपुरे राहिलेले’ या नावाने राखावा. प्रवेश क्षमतेपेक्षा किती जागा रिकाम्या राहिल्या, किती जण मधूनच गेले आणि त्यांनी कोणते कारण सांगितले, यंत्र किती महिने बंद होते, अनुदानाचा हप्ता उशिरा आल्याने काय अडले, हे तिथे यावे. संस्थाचालक यावर नाराज होतात, हे खरे आहे. त्यांना मसुदा दाखवताना मी हा परिच्छेद आकड्यांपुरता ठेवतो आणि विशेषणे गाळतो, कारण विशेषणावर वाद घालता येतो, रिकाम्या बाकांच्या संख्येवर घालता येत नाही. यशोगाथा द्यायचीच असेल तर एक द्यावी, संमती घेऊन द्यावी, आणि ती व्यक्ती वर्गातल्या किती जणांपैकी एक आहे हे त्याच वाक्यात लिहावे.

अहवाल पोचवणे

पूर्ण अहवाल पंचवीस पानांच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि त्याचा दोन पानी मराठी सारांश वेगळा छापावा. जुलैअखेर तो तयार झाला तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचवता येतो. शक्य असेल तिथे त्या गावातल्याच माजी विद्यार्थ्याकडून तो ग्रामसभेत वाचून घ्यावा, आणि महाविद्यालयातर्फे एका प्राध्यापकाने मागे बसून लोकांचे प्रश्न लिहून घ्यावेत. ‘आमच्या गावची पोरं तुमच्याकडे का येत नाहीत?’, ‘पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला का शिकवत नाही?’ अशा प्रश्नांची ती यादी, कोणत्या गावात आणि कोणत्या तारखेला विचारले या नोंदीसह, पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी आणि प्रत्येक प्रश्नासमोर वर्षभरात काय केले ते लिहावे. काही केले नसेल तर तो रकाना कोरा सोडावा.