आकाशात काळे ठिपके? सेन्सरवरची धूळ अशी घालवा

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात लेन्स बदलली की धूळ आत सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, गेलीच म्हणून समजा. एफ/४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, काही दिसत नाही, पण लँडस्केपसाठी एफ/१६ केलं की निळ्या आकाशात ठिपकेच ठिपके, कारण छिद्र बारीक झालं की धुळीची सावली ठळक पडते.

आधी टेस्ट करा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/२२, फोकस मुद्दाम घालवायचा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, कॅमेरा हलला तरी चालतंय, उलट बरंच. फोटोत ठिपका वर असेल तर सेन्सरवर तो खाली असतो, डावं-उजवं मात्र समोरून बघताना तसंच राहतं, इथे माझा जाम गोंधळ व्हायचा!

मग बॅटरी फुल करून मेन्यूतला क्लीनिंग मोड (सेन्सर उघडा ठेवणारा) लावा, लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा, टोक आत घालू नका. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकी उडते. कॉम्प्रेस्ड एअरचा डबाही नको. बऱ्याचदा एवढ्यात काम होतं. चिकटलेलं असेल तरच सेन्सरच्या मापाचा स्वॅब (सफाईची सपाट टोकाची काडी), त्यावर एक-दोन थेंब सेन्सर क्लीनिंग लिक्विड, एका बाजूने एकदा, उलट्या बाजूने एकदा, मग स्वॅब फेकून द्या. घासत बसू नका.

जुन्या फोटोंतले ठिपके पुसायला लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला हील ब्रश आहेच.