गिटारच्या ट्यूब अँपचा आवाज फाटतोय? उघडण्याआधीची तयारी

क्लीन चॅनल, व्हॉल्यूम दोनवर, तरी सूर विरताना खरखर लागते? मागचे स्क्रू काढायची घाई नको. बराचसा शोध बाहेरूनच लागतो, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उदाहरणाला फेंडरचा हॉट रॉड डीलक्स घेऊ: ४० वॉट, तीन १२एएक्स७ (लहान ट्यूब), दोन ६एल६ (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब).

सगळी पेडल बाजूला ठेवा. खात्रीची एक केबल आणि दुसरी एखादी गिटार हाताशी असू द्या. गिटारचे पिकअप अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, असतील तर ९ व्होल्टची नवी बॅटरी आधी टाका, कारण उतरलेल्या बॅटरीनेही आवाज असाच फाटतो. स्पीकरसाठी ८ ओहमचा दुसरा कॅबिनेट कुणाकडून तरी मागून आणा. त्यावर आवाज स्वच्छ आला तर अँपला हात लावायचं कारणच नाही. मात्र स्पीकर न जोडता अँप क्षणभरही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

या अँपची खरी सोय प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इन या दोन जॅकमध्ये आहे. प्रीअँप म्हणजे अँपचा सुरुवातीचा भाग, पॉवर अँप म्हणजे स्पीकरला ताकद देणारा शेवटचा. छोट्या पॅच केबलने ते जोडा. आवाज सुधारला तर जॅकचे आतले संपर्क मळलेत, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा पुरेसा. नाही सुधारला तर मोबाइलवरचं गाणं हळू आवाजात थेट पॉवर अँप इनमध्ये सोडा. तेही फाटत असेल तर दोष फेज इन्व्हर्टरपासून (दोन्ही ६एल६ना सिग्नल वाटून देणाऱ्या टप्प्यापासून) पुढे, स्वच्छ असेल तर प्रीअँपमध्ये.

ट्यूबचा पूर्ण संच आधीच विकत घेणं मला पटत नाही. चांगली म्हणून माहीत असलेली एक १२एएक्स७ पुरते. अँप बंद करून, थंड झाल्यावर ती इनपुटजवळच्या जागेपासून एकेक करत बदलून पाहा. ६एल६ मात्र जोडीनेच बदलायच्या आणि नंतर बायस, म्हणजे ट्यूबमधून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची जुळणी, तपासायचा. हळू वाजवताना टोचणारी आणि जोरात वाजवल्यावर झाकली जाणारी खरखर बहुधा थंड बायसची, म्हणजे हा प्रवाह कमी पडल्याची, असते. सुरामागे दुसराच बेसूर सूर ऐकू येत असेल तर वीजपुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्या.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अँप असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट अँप चालू असताना मोजा. ते कमी पडलं तर ट्यूबचे हीटरही अर्धपोटी राहतात.

इतकं करूनही दोष सापडला नाही, तरच चॅसिस उघडायचं. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. १००० व्होल्ट मोजणारा मीटर, इन्सुलेटेड क्लिपला जोडलेला १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आणि सिरीज बोर्ड (अँपच्या वाटेत बल्ब लावून प्रवाह मर्यादित ठेवणारा) जवळ हवा. बोर्डात १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्बच लावा, एलईडी चालत नाही. त्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय बोट आत घालू नका. हा सराव नसेल तर इथे थांबून जाणकार मेकॅनिककडे जा.

सराव असेल तर ६एल६ काढून, अँप चालू करून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबर पिनवर डीसी मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखाच ऋण व्होल्टेज हवा. एकीकडे तो शून्याकडे सरकलेला दिसला तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. म्हणून ६०० व्होल्टचे, मूळ मूल्याचेच दोन कपॅसिटर आधी आणून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू एकाच बैठकीत बदलता येतील.