केबल की टेलिफोनची तार? सांगलीत घरचं इंटरनेट निवडताना

प्लॅनच्या कागदावरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते हे, की खांबापासून तुमच्या घरात येणारी तार कोणती आहे, किती लांबून येते आणि वाटेत तिला किती जोड आहेत. विश्रामबागेतल्या नव्या अपार्टमेंटमध्ये जे उत्तम चालतं, तेच गावभागातल्या जुन्या वाड्यात रडत चालू शकतं.

'केबलचं नेट' म्हणजे नेमकं काय, हे केबलवाल्याला पहिल्यांदा विचारा. या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, टीव्हीच्या जाड गोल कोअ‍ॅक्स तारेवरून केबल मोडेम लावून दिलेलं खरं केबल इंटरनेट. दोन, खांबापर्यंत फायबर आणि तिथल्या डब्यातल्या स्विचपासून (घराघरांत नेट वाटणाऱ्या यंत्रापासून) घरापर्यंत निळी किंवा करडी लॅन वायर. तीन, थेट घरात आणलेली बारीक फायबर. तिघांचे दोष वेगळे आहेत. त्यामुळे 'शेजाऱ्याकडं केबलचं चांगलं चालतं' एवढ्यावर निर्णय घेऊ नका. शेजाऱ्याच्या मोडेममागं कोणती वायर खोचली आहे ते बघून या.

डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून येणारं इंटरनेट. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतं आणि डेटा त्याच्या वर, म्हणून फोन आणि नेट एकाच जोडीवर एकाच वेळी चालतात. इथं वेग ठरतो एक्स्चेंजपासूनच्या तारेच्या लांबीवर. एडीएसएल२+ या डीएसएलच्या प्रकाराची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस आहे. तार चांगली असेल तर एक किलोमीटरपर्यंत त्याच्या जवळपास वेग मिळतो, तीन किलोमीटरला साधारण ८ आणि पाच किलोमीटरला जेमतेम २ उरतो. लांबी तारेची मोजायची, नकाशावरची नाही. तार रस्त्यानं वळणं घेत येते, म्हणून नकाशावरचं दीड किलोमीटर प्रत्यक्षात अडीच निघू शकतं.

जुनं डीएसएल कनेक्शन असेल तर अंदाज बांधत बसायची गरज नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून मोडेमच्या पानावर दोन आकडे शोधा. लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते, ३० डेसिबलच्या आत असेल तर लाइन छान, ४५च्या पुढं वेग घसरायला लागतो आणि ६०च्या वर नाद सोडावा. एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइनवरच्या गोंगाटापुढं सिग्नलची उरलेली शिल्लक, ६ डेसिबलच्या खाली गेलं की जोडणी वारंवार तुटते, १० किंवा जास्त असेल तर निर्धास्त राहा. मार्जिन कोरड्या दिवशी १२ आणि पावसात ५ दिसत असेल, तर मोडेम बदलून काही होणार नाही. कुठल्यातरी जोडात पाणी शिरतंय. लाइनमनला हे दोन आकडे लिहूनच द्या. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हटलं की बहुतेक वेळा मोडेम बंद-चालू करायला सांगतात.

फोनची घंटी वाजली की नेट तुटतं, ही डीएसएलची नेहमीची तक्रार. कारण जवळजवळ ठरलेलं असतं. एखादा फोन फिल्टरशिवाय (बोलणं आणि डेटा वेगळा ठेवणाऱ्या छोट्या डबीशिवाय) जोडलेला असतो किंवा जोड सैल असतो, आणि घंटीच्या जास्त व्होल्टेजनं तिथं गडबड होते. घरात येणारी तार आधी स्प्लिटरमध्ये घ्या. त्याच्या एका तोंडाला मोडेम आणि दुसऱ्याला घरातले सगळे फोन. वरच्या मजल्यावरचा पॅरलल फोन स्प्लिटरच्या आधीच जोडला गेला असेल तर त्याला वेगळा फिल्टर लागेल. नंतर मोडेम आणि बाकीचे फोन काढून घरात येणाऱ्या तारेलाच नुसता एक फोन लावा, एक आकडा दाबून थांबा आणि ऐका. खरखर आली तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

डीएसएलची मोठी उणीव अपलोडमध्ये आहे. तो जेमतेम १ एमबीपीएस मिळतो. घरात एकाच वेळी दोन व्हिडिओ कॉल होत असतील तर डाउनलोड कितीही असो, चित्र अडकणारच. शिवाय बीएसएनएल तांब्याच्या जोडण्या हळूहळू फायबरवर नेत आहे. जुनी चालू लाइन ठीक असेल तर चालवा, पण आज नव्यानं तांब्याची लाइन घेऊ नका.

कोअ‍ॅक्सवर वेग सहज जास्त मिळतो, पण तार वाटून वापरली जाते. एका नोडवरची (केबलच्या एकाच वाटप-डब्यावरची) सगळी घरं तोच वेग वाटून घेतात, म्हणून सकाळी १० वाजता घेतलेली चाचणी बघून काहीच ठरवू नका. त्याच खांबावरच्या शेजाऱ्याकडं रात्री ९ ते १०च्या दरम्यान, लॅपटॉप लॅन वायरनं जोडून बघा. वायफायवर मोजलं तर दोष वायफायचा की लाइनचा हे कळत नाही. ८.८.८.८ला (हा गूगलचा सर्व्हर) शंभर वेळा पिंग करा, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघा. शंभरातली एक-दोन पाकिटंच हरवली तर ठीक, पाच हरवली तर व्हिडिओ कॉलचा त्रास नक्की.

केबल मोडेमचं पान बहुतेक वेळा १९२.१६८.१००.१ वर उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (घराकडं येणाऱ्या सिग्नलचा जोर) −७ ते +७ डीबीएमव्हीच्या दरम्यान हवी आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ डेसिबलच्या वर. अपस्ट्रीम पॉवर (मोडेम उलट पाठवतो त्या सिग्नलचा जोर) ५०च्या पुढं गेली असेल तर मोडेम ओरडून बोलतोय, म्हणजे वाटेत सिग्नल गळतोय. बहुतेक वेळा दोषी टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर असतो. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो, चार तोंडांचा सात. टीव्हीचा जुना एकतर्फी बूस्टर मध्ये असेल तर अपलोडची वाटच बंद होते. मोडेमची तार पहिल्या स्प्लिटरपासून थेट न्यायला सांगा. कोअ‍ॅक्स वायर आरजी-६ प्रकारची घ्या आणि भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाऊस तारेवरून ओघळून घरात न येता तिथंच गळेल.

लॅन वायरवाल्या जोडणीत अंतर १०० मीटरच्या आत हवं. गच्चीवरून ओढलेली वायर वळवाच्या विजेत राउटरचं पोर्ट जाळते. आभाळ भरून आलं की ती काढून ठेवा. तांब्याच्या प्रत्येक तारेला हाच धोका आहे, फायबरच्या काचेतून वीज जात नाही.

आता विजेचा मुद्दा, कारण निवड करताना तो हमखास विसरला जातो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही, जर खांबावरचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्विच गल्लीच्या विजेवर चालत असेल. वीज गेली की केबलचं नेट तुमच्या घरी दिवे चालू असतानाही जातं. एक्स्चेंजला बॅटरी असते, त्यामुळं डीएसएल बहुधा चालू राहतं. खांबावरच्या डब्याला बॅटरी आहे का आणि ती किती तास टिकते, हे केबलवाल्याला स्पष्ट विचारा.

महापुराच्या पट्ट्यात, म्हणजे २०१९ आणि २०२१ला पाणी आलेल्या भागात, तांब्याची जमिनीखालची लाइन टाळा. पाणी ओसरल्यावरही जोडांत गंज चढत राहतो आणि खरखर महिनोन्‌महिने जात नाही. तिथं खांबावरून आलेली फायबर घ्या, आणि राउटर व त्याचा अ‍ॅडॅप्टर वरच्या मजल्यावर ठेवा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचा एकूण खर्च, ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती राहतो, आणि मोडेमची अनामत परत मिळते का. दुकानाचा किंवा शेतातल्या घराचा सीसीटीव्ही बाहेरून थेट बघायचा असेल तर स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळेल का हेही विचारा. राउटरच्या पानावरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १०नं किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही होत असेल तर डीव्हीआरचं (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोचायची वाट, चालणार नाही.

पहिल्यांदा वर्षाचं पॅकेज घेऊ नका, एक महिना घ्या. जुनी जोडणी त्या महिन्यात चालूच ठेवा. नवी जोडणी निदान दोन आठवडे आणि एखादा जोराचा पाऊस सोसून टिकली की मगच जुनी बंद करा, आणि मोडेम परत देताना पोच घ्या.