‘सॅमन’ हा शब्द कसा वाचावा आणि कुठे वापरावा

बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे सागरी मासळी इथे बर्फातूनच येते, आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही ती पाकिटातून, इंग्रजी नावानिशी पोचू लागली आहे. त्या नावांत सर्वाधिक घोटाळा ‘सॅमन’ या शब्दाने होतो.

स्पेलिंगमध्ये ‘एल’ असला तरी तो उच्चारायचा नसतो. ‘सालमन’ म्हणू नये. अनेकवचनातही रूप तेच राहते.

अर्थाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. खरा सॅमन हा उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांतला मासा असून तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत शिरतो. (आपल्या भागात ही सवय पावसाळ्यात भरूचकडे नर्मदेत चढणाऱ्या हिलशाची आहे.) ‘इंडियन सॅमन’ म्हणजे आपला रावस, त्याचे कुळच निराळे आहे. म्हणून मेनूकार्डावर नुसते ‘सॅमन’ लिहिलेले असेल, तर मागवण्यापूर्वी ‘रावस आहे की परदेशी?’ असे स्पष्ट विचारावे, कारण किमतीत आणि चवीत मोठा फरक पडतो.

अख्खा मासा समोर असेल तर छातीच्या पराखाली पाहावे: रावसाला तिथे प्रत्येक बाजूस दोऱ्यासारखे चार मोकळे तंतू असतात आणि पाठीवर दोन सुटे पर असतात, तर सॅमनच्या पाठीवर एक मोठा पर आणि शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. तुकड्यांत रंग पाहावा. सॅमनचे मांस नारिंगी-गुलाबी असून त्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा दिसतात. रावसाचे फिकट असते. हा नारिंगीपणा अॅस्टाझॅन्थिन या द्रव्याचा असून ते माशाला कोळंबीसारख्या जिवांतून आणि मत्स्यपालनात खाद्यातून मिळते. पाकिटावर ‘साल्मो सालार’ असे शास्त्रीय नाव असल्यास तो अटलांटिक सॅमन समजावा.

स्वयंपाकात हा भेद विसरू नये. रावसाचे चिंचेचे कालवण उत्तम होते. सॅमन मुळातच तेलकट असल्याने त्याला तेल कमी घालावे आणि तो फार वेळ शिजवू नये. स्वतः इंग्रजीत लिहिताना रावसाला ‘इंडियन सॅमन’ असे पूर्ण नाव द्यावे. मराठीत मात्र ‘रावस’ हेच लिहावे. कापडाच्या दुकानात ‘सॅमन’ रंग म्हटला, तर तो खऱ्या सॅमनच्या मांसाचा नारिंगी छटेचा गुलाबी रंग होय.